सदतीस हजार किलोमीटर आणि शेवटची गल्ली

वालूरमध्ये एखाद्या माळवदावर उभं राहा. आग्नेयेकडे, किंचित पूर्वेला कलून तोंड करा आणि नजर क्षितिजापासून साधारण पन्नास अंश वर न्या. दिवसा तिथं मोकळं आभाळ दिसेल, रात्री काही चांदण्या. १९९१ साली नेमक्या त्या जागी, वालूरपासून सुमारे सदतीस हजार किलोमीटरवर, एशियासॅट-१ नावाचा उपग्रह होता. विषुववृत्ताच्या वर, १०५.५ अंश पूर्व रेखांशावर. तो पृथ्वीबरोबर त्याच गतीने फिरत असल्यामुळे परभणी जिल्ह्यातल्या कुणाच्याही दृष्टीने जागचा हलत नव्हता. सेलू तालुक्यातल्या या गावावर, शेजारच्या रानांवर, गुरांच्या गोठ्यांवर तो रात्रंदिवस चित्रं आणि आवाज सोडत होता. कुणी मागितलं नव्हतं, कुणी अडवूही शकत नव्हतं.

प्रश्न एवढाच होता, की ते उतरवून घ्यायचं कुणी? अवकाश संस्था, रॉकेटं आणि परदेशी कंपन्या यांनी मिळून सदतीस हजार किलोमीटरचं अंतर तोडलं. उरलं ते छतापासून घरातल्या टीव्हीपर्यंतचं, काहीशे मीटरचं. हा शेवटचा टप्पा कुठल्याही मोठ्या संस्थेने केला नाही. तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी, व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देणाऱ्यांनी, वायरमनचं काम येणाऱ्या पोरांनी केला. महाराष्ट्रातल्या गल्लोगल्ली त्यांना एकच नाव होतं: केबलवाला. भारतातल्या दूरचित्रवाणीच्या इतिहासात सगळ्यांत थक्क करणारं काम मला त्यांचंच वाटतं. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी त्या उपग्रहाची गोष्ट ऐकायला हवी.

एशियासॅट-१ हा नवाकोरा उपग्रह नव्हता. त्याचं मूळ नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाने तो वर नेऊन सोडला, पण त्याला उंच कक्षेत ढकलणारी मोटर नीट पेटली नाही आणि तो खालच्या, निरुपयोगी कक्षेत अडकला. सोबत सोडलेल्या इंडोनेशियाच्या पालापा उपग्रहाचंही तेच झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यान गेलं आणि जोसेफ ॲलन व डेल गार्डनर या अंतराळवीरांनी यानाबाहेर पडून दोन्ही उपग्रह पकडून परत आणले. काम झाल्यावर त्यांनी अवकाशातच ‘विकणे आहे’ असा फलक हातात धरून फोटो काढला. वेस्टार-६ खरोखरच विकला गेला. डागडुजी होऊन हाँगकाँगच्या एशियासॅट कंपनीकडे आला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या लाँग मार्च-३ रॉकेटवरून पुन्हा आकाशात गेला. एकदा वाया गेलेला, अवकाशातून उचलून आणलेला, दुसऱ्याच देशाच्या रॉकेटवर बसून परत गेलेला उपग्रह! पुढची काही वर्षं अर्ध्या आशियाची करमणूक त्याच्यावर चालली.

त्याआधी मराठवाड्यातल्या गावात टीव्ही म्हणजे दूरदर्शन, आणि दूरदर्शन म्हणजे ॲन्टेना. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं खरं, पण मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर परभणीपर्यंत येणं शक्यच नव्हतं. टीव्हीच्या या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. मनोरा कितीही उंच असला तरी कुठेतरी जमीन वाकून आड येते. औरंगाबादजवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मोठा मनोरा आहे. वालूरपासून तो सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर पडतो. डोंगराची उंची धरून हिशेब केला, तरी वालूर त्या मनोऱ्याच्या क्षितिजापलीकडेच राहतं.

ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह वर गेला आणि चित्र पालटलं. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून उतरवून घेऊन आसपास फेकणारे शंभर वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक देशभर उभे राहू लागले. १९८४ मध्ये काही महिने तर जवळपास रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. पण त्यांची पोच पंधरा-पंचवीस किलोमीटर. मोठ्या शहरांची सोय झाली. त्या वर्तुळाच्या काठावर किंवा बाहेर असलेल्या गावांनी बांबूवर, लोखंडी पाइपवर ॲन्टेना चढवला आणि नशीब अजमावलं. एकजण वर ॲन्टेना फिरवतोय, दुसरा खालून ओरडतोय, “आलं... गेलं... मुंग्या आल्या... थोडं मागं घे!” हे दृश्य त्या पिढीला सांगावं लागत नाही. वानरांनी ॲन्टेना वाकवला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्या ॲल्युमिनियमच्या दांड्यांना नाव आहे यागी. जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी १९२६ च्या सुमारास ही रचना मांडली. त्यातला प्रत्येक दांडा साधारण लहरीच्या निम्म्या लांबीचा असतो. म्हणून दांडे हातभरापेक्षा थोडे मोठे असतात: त्या पट्ट्यातली लहर दीड मीटरच्या आसपास, तिच्या निम्मे पाऊण मीटर. मागचा दांडा थोडा मोठा, पुढचे थोडे लहान, आणि या लहानमोठेपणामुळे एका दिशेने येणारी लहर नेमकी टोकदारपणे पकडली जाते. लाखो घरांवर बगळ्यांना बसायला जागा देणारी ती वस्तू भौतिकशास्त्राचा सुंदर नमुना होती.

आकाशातून थेट गावात चित्र उतरवण्याचा प्रयोग मात्र मराठवाड्याच्या अगदी शेजारी होऊन गेला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रो आणि नासा यांनी सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण कर्नाटकातला गुलबर्गा जिल्हा होता. त्या गावांतल्या छत्र्या, म्हणजे डिश ॲन्टेना, कशाच्या केल्या होत्या? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या. सरकारी प्रयोगाने दाखवून दिलं होतं, की अवकाशातलं चित्र उतरवायला चकचकीत परदेशी यंत्र लागतंच असं नाही. ही गोष्ट पुढे फार कामाची ठरली.

केबलचा धंदा मुळात उपग्रहाने सुरू झाला नाही. तो सुरू झाला अमेरिकेत, आणि कारण तेच होतं जे वालूरचं: मनोरा लांब. ओरेगॉन राज्यातल्या ॲस्टोरिया गावात एड पार्सन्स नावाचा रेडिओ तंत्रज्ञ होता. सर्वांत जवळचं टीव्ही केंद्र सिॲटलचं, सुमारे दोनशे किलोमीटरवर. ते नोव्हेंबर १९४८ मध्ये सुरू झालं. पार्सन्सने गावभर फिरून लहर कुठे सापडते ते शोधलं. ॲस्टोरिया हॉटेलच्या गच्चीवर ती सापडली. तिथं ॲन्टेना लावून रस्त्यापलीकडच्या आपल्या घरात त्याने वायर नेली. मग घरात माणसं मावेनात. तेव्हा हॉटेलच्या खालच्या दालनात दुसरा टीव्ही लावला, तिथंही गर्दी झाली, आणि शेवटी वायर घरोघर गेली. एक उंच जागा, एक चांगला ॲन्टेना आणि पुढे वायर: केबल टीव्हीचा सगळा शोध एवढाच आहे.

याच वायरीच्या जाळ्यावर नंतर टेड टर्नरने बाजी लावली. अटलांटातलं एक तोट्यातलं, कुठल्याही मोठ्या जाळ्यात नसलेलं स्वतंत्र टीव्ही केंद्र त्याने १९७० मध्ये घेतलं आणि १७ डिसेंबर १९७६ रोजी ते उपग्रहावर चढवलं. आता देशातल्या कुठल्याही केबलवाल्याला ते उतरवता येणार होतं. एका शहराचं केंद्र एका दिवसात देशाचं झालं. त्या यशातूनच १ जून १९८० रोजी चोवीस तास बातम्या देणारं सीएनएन निघालं. आणि जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धात बगदादवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा सीएनएनची चित्रं मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांच्या छत्र्यांवर उतरत होती. युद्ध चालू असताना ते बघता येतं, हे भारतात लोकांनी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं.

मुंबईत केबलची वायर मात्र त्याआधीच पडलेली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून उंच इमारतींमध्ये तळमजल्यावरच्या एका व्हीसीआरवर पिक्चर लावून तो वायरीने प्रत्येक मजल्यावर पोचवण्याचा धंदा जोरात होता. गावाकडे त्याच काळात टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून, वर्गणी काढून, चौकात रात्रभर तीन-तीन पिक्चर बघितले जात. त्या धंद्यातूनच पुढचे केबलवाले निघाले. कॅसेट लावणं, वायर जोडणं, घरोघर पैसे गोळा करणं त्यांना येत होतंच. १९९१ मध्ये हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या उद्योगसमूहाने एशियासॅट-१ वरून स्टार टीव्ही सुरू केला: स्टार प्लस, खेळांची प्राइम स्पोर्ट्स, गाण्यांची एमटीव्ही, बीबीसीच्या बातम्या. वायर तयार होती, फक्त छत्री लावायची राहिली होती.

त्या छत्रीजवळ आता थांबू, कारण खरं नवल तिथंच आहे.

उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकाची ताकद दहा वॅटच्या आतबाहेर असते. ती सदतीस हजार किलोमीटर येईपर्यंत खंडभर पसरते. ढोबळ हिशेब केला, तर बारा फुटांच्या छत्रीने गोळा केलेली एकूण ताकद वॅटच्या एक-दोन लाख-कोटीव्या भागाइतकी भरते. एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्यं. एवढ्याशा कुजबुजीतून रंगीत चित्र, आवाज, क्रिकेटचा सामना, सगळं बाहेर काढायचं होतं.

छत्रीचा आकार अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा असतो. त्याचा गुण असा, की अक्षाला समांतर येणारी प्रत्येक लहर, ती छत्रीच्या काठावर पडो की मध्यावर, परावर्तित होऊन एकाच बिंदूवर येते आणि सगळ्यांनी कापलेलं अंतरही अगदी सारखं असतं. त्यामुळे त्या बिंदूवर लहरी एकमेकींना मारत नाहीत, वाढवतात. तिथं एलएनबी नावाची डबी बसवलेली असते. आता मजा बघा: या लहरींची लांबी साधारण साडेसात सेंटिमीटर असते. त्यापेक्षा पुष्कळ लहान भोकं असलेली जाळी त्या लहरीला अखंड पत्र्यासारखीच वाटते. म्हणून जाळीची छत्री चालते, आणि जाळीतून वारं आरपार जातं म्हणून ती वादळात उपटली जात नाही. मात्र वक्र बिनचूक हवा. छत्री कुठे दबली, पोचा आला, तर तेवढ्या भागातली लहर केंद्रावर वेळेवर पोचत नाही. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत साचा पाहून छत्र्या बनवणाऱ्या कारागिरांनी हा वक्र हाताने साधला. इंजिनियरिंगच्या पुस्तकातलं समीकरण त्यांनी लोखंडी पट्टी वाकवून सोडवलं.

मग दिशा. होकायंत्र, कोन मोजायला ओळंबा, आणि बाकी सगळा धीर. छत्री एक-दोन अंश जरी चुकली तरी पडद्यावर काहीच येत नाही. वालूरहून इन्सॅट-१बी जवळजवळ दक्षिणेला, सुमारे सदुसष्ट अंश उंच होता. एशियासॅट आग्नेयेला, पन्नास अंशांवर. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. आंधळ्या आकाशात अंशाअंशाने छत्री सरकवत जायची आणि मुंग्यांच्या गर्दीतून चित्राची पहिली रेघ उमटली की तिथंच बोल्ट आवळायचा. ही कामं करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी भूगोल दहावीनंतर सोडला होता. पण आकाशातला रेखांश त्यांना हातातून कळायचा.

सूर्यसुद्धा त्यांना वर्षातून दोनदा हिसका दाखवायचा. सूर्य ज्या दिवशी बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, त्या दिवशी छत्री सूर्याकडेच बघत असते आणि सूर्याच्या प्रचंड गोंगाटात उपग्रहाची कुजबुज बुडते. परभणीच्या अक्षांशावर हे मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला घडतं. एशियासॅटसाठी वेळ सकाळी दहाच्या सुमाराची. सलग काही दिवस, रोज काही मिनिटं चित्र जायचं आणि आपोआप परत यायचं. गिऱ्हाईक केबलवाल्यावर चिडायचं. बिघाड मात्र पंधरा कोटी किलोमीटरवरचा असायचा.

छत्रीतून आलेली लहर थेट टीव्हीला जोडून भागत नव्हतं. एलएनबी सुमारे चार गिगाहर्ट्झची लहर एक गिगाहर्ट्झच्या जवळ खाली आणते, कारण त्याहून वरची लहर वायरीत टिकत नाही. पुढे अडचण अशी, की उपग्रहावरून चित्र येतं वारंवारतेच्या चढउतारात आणि घरातला टीव्ही ते ओळखतो उंचीच्या चढउतारात. म्हणून प्रत्येक वाहिनीसाठी एक रिसीव्हर, जो चित्र उलगडतो, आणि एक मॉड्युलेटर, जो ते टीव्हीला समजेल अशा रूपात पुन्हा बांधतो. वाहिन्या वाढल्या की यंत्रं तेवढीच वाढली. केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये रॅकभर दिवे लुकलुकत ते याच कारणाने. शिवाय जुन्या टीव्हीच्या खटखट फिरणाऱ्या बटणावर बाराच घरं. शेजारशेजारच्या घरांतली चित्रं एकमेकांत घुसत, म्हणून त्यातलीही सगळी वापरता येत नसत. कुठली वाहिनी ठेवायची, कुठली काढायची, कुणाला नीट दिसणारं घर द्यायचं, हे ठरवणारा माणूस गल्लीतच राहायचा. मुंबई-हाँगकाँगच्या वाहिन्यांचं भवितव्य त्याच्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरवर होतं.

आणि मग वायर. मध्ये तांब्याची तार, भोवती फोम, त्यावर जाळी, बाहेर काळं आवरण. दिसायला साधी, पण भुकेली. नेहमीच्या आरजी-सहा वायरीत २०० मेगाहर्ट्झची लहर शंभर मीटर गेली की तिची जेमतेम आठवा हिस्सा ताकद उरते. दोनशे मीटरवर चौसष्टावा हिस्सा, तीनशेवर पाचशेवा. जायकवाडीच्या कालव्याखाली शेती करणाऱ्याला हे वेगळं समजावून द्यायला नको: टेलच्या शेताला पाणी पोचत नाही, तसं टेलच्या घराला चित्र पोचत नाही. त्यातही वरच्या आकड्यांची घरं आधी कोरडी पडतात, कारण वारंवारता जितकी जास्त तितकी गळती जास्त. दोन नंबरला चित्र स्वच्छ आणि बारा नंबरला मुंग्या, असं दिसलं की केबलवाला न बघता सांगायचा, लाइन लांब झाली. मग ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर. पण ॲम्प्लिफायर चित्राबरोबर खरखरही वाढवतो आणि स्वतःची थोडी भर घालतो. एकापुढे एक कितीही लावत गेलं तरी शेवटी चित्र बुडतंच. गाव कितीही सलग असलं तरी एका कंट्रोल रूमचं राज्य कुठवर, हे या खरखरीने ठरवलं.

ॲम्प्लिफायरला वीज लागते. ती वाटेतल्या एखाद्या घरातून घ्यायची आणि त्या घराला बदल्यात कनेक्शन फुकट द्यायचं, असा सौदा ठिकठिकाणी चाले. त्या घरची लाइट गेली की पुढची सगळी गल्ली अंधारात.

वायरीच्या जोडातला दोष पडद्यावर कसा लिहिला जातो, हेही सांगायलाच हवं. जोड सैल असला की थोडी लहर तिथून मागे फिरते, मागच्या दुसऱ्या सदोष जोडावर आपटून पुन्हा पुढे येते आणि क्षणभर उशिरा टीव्हीत शिरते. पडद्यावर माणसाच्या उजव्या बाजूला त्याचीच फिकट सावली दिसते. चाळीस सेंटिमीटर रुंद पडद्यावर ती सावली दोन मिलिमीटर सरकलेली असेल, तर त्या दोन जोडांमधलं अंतर साधारण तीस मीटर निघतं. प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करणारी लहर, सेकंदाच्या चाळीस लाखाव्या भागाचा उशीर, आणि तो पट्टीने मोजता येतो! अनुभवी केबलवाला सावलीकडे नुसता एकवार बघून कुठल्या खांबावर चढायचं ते ठरवायचा.

या सगळ्यावर पैसे कसे सुटत? एकदा छत्री, रिसीव्हर, मॉड्युलेटर, वायर यांची रक्कम घालायची. सावकाराकडून, भावकीतून, सोनं गहाण ठेवून. नंतर महिन्याला घरटी थोडे थोडे. वसुली पायी, पावतीपुस्तक काखेत घेऊन. कापसाचे पैसे हातात येईपर्यंत थांबायची तयारी. स्थानिक वाहिनीवर पडद्याखाली सरकणारी पट्टी, तिच्यावर कापडदुकानाची जाहिरात, कुणाच्या मुलाला दहावीत मिळालेले मार्क, यात्रेचं चित्रण. मोठ्या वाहिन्यांना न जमणारी ही गोष्ट होती: गावाला गाव दाखवणं.

वरच्या टोकाला याच जाळ्यावर मोठे उद्योग उभे राहिले. सुभाष चंद्रा यांनी एशियासॅटवरच्या एका ट्रान्सपॉन्डरसाठी, म्हणजे प्रक्षेपकासाठी, वर्षाला पन्नास लाख डॉलर मोजले आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई दूरदर्शनला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी, झी टीव्ही सुरू केला. भारतातून उपग्रहावर चित्र चढवायची परवानगी खासगी वाहिन्यांना नव्हती, म्हणून मुंबईत तयार झालेल्या कॅसेटी विमानाने हाँगकाँगला जात आणि तिथून आकाशमार्गे मुंबईला परत येत. जुलै १९९३ मध्ये रूपर्ट मरडॉक यांनी ५२.५ कोटी डॉलर देऊन स्टारचा बहुतांश हिस्सा घेतला. इकडे औरंगाबादजवळ चितेगावात धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने तोशिबाच्या सहकार्याने रंगीत टीव्ही बनवून मराठवाड्याला कारखान्याच्या नकाशावर आणलं होतं. पण या सगळ्यांचं उत्पन्न ज्या तारेवर अवलंबून होतं, ती तार त्यांची नव्हती. ती गल्लीतल्या माणसाची होती, आणि वाहिन्या त्याला सुरुवातीला एक पैसाही मागत नव्हत्या, कारण त्यांना त्याच्याशिवाय घर दिसत नव्हतं.

आणि हा सगळा व्यवसाय कित्येक वर्षं कायद्याच्या कक्षेबाहेर किंवा काठावर चालला. दूरसंचाराचा मूळ कायदा १८८५ चा, तारायंत्राच्या काळातला. रस्त्यावरून आडवी वायर नेणं म्हणजे तारायंत्राची लाइन टाकणं, असा अर्थ त्यातून काढता येत होता. घरातल्या व्हीसीआरवर सिनेमा लावून तो शंभर घरांत दाखवणं हा तर कॉपीराइटचा उघड भंग होता आणि सिनेमावाल्यांचा राग रास्तच होता. हे केबलवाल्यांच्या कौतुकात विसरून चालणार नाही. शेवटी संसदेने केबलचा कायदा १९९५ मध्ये केला आणि तो २९ सप्टेंबर १९९४ पासून लागू मानला. नोंदणी कुठे करायची? मुख्य पोस्ट ऑफिसात. आकाशातून आलेल्या नव्या धंद्याची नोंद मनीऑर्डरच्या खिडकीशेजारी होऊ लागली. करमणूक शुल्क भरायला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या वेगळ्याच.

त्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद पेटला होता. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, आपल्या मुंबईच्या न्यायमूर्तींनी. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही, असं त्यात ठामपणे म्हटलं. भारतातल्या दूरचित्रवाणीबद्दलचं याहून महत्त्वाचं वाक्य कुठल्याही न्यायालयाने लिहिलेलं नाही, असं माझं मत आहे. गावोगावचे केबलवाले ते वाक्य वाचायच्या आधीच, नकळत, त्याप्रमाणे वागत होते.

पुढचं लवकर सांगतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सिटीकेबल, इनकेबलनेट यांसारख्या मोठ्या कंपन्या शहरांत उतरल्या आणि छोट्यांना स्वतःची छत्री सोडून त्यांच्याकडून तयार चित्र घ्यावं लागलं. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आल्या. मराठी घरांचा रिमोट मराठीवर थांबू लागला. मग घरोघर लहान डीटीएच छत्र्या आल्या. केंद्र सरकारने ॲनालॉग केबल टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. मुंबईची पाळी २०१२ मध्ये आली आणि ग्रामीण भागासह शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती. सेट-टॉप बॉक्स आल्यावर सावल्या गेल्या, मुंग्या गेल्या. चित्र आता एकतर स्वच्छ येतं किंवा येतच नाही. तगून राहिलेल्या केबलवाल्यांपैकी कित्येकजण आज त्याच खांबांवरून इंटरनेटची फायबर नेतात.

वालूर हे गाव जुन्या बारवांसाठी ओळखलं जातं. तिथल्या गोलाकार फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव बघायला लांबून लोक येतात, आणि गावकऱ्यांनी स्वतः राबून ती गाळातून मोकळी केली आहे. ती बांधणाऱ्या गवंड्यांची नावं कुठे सापडत नाहीत. आकाशातून चित्र उतरवणाऱ्यांची नावं मात्र अजून हाताशी आहेत. ती माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्या घरी माळ्यावर जुना मॉड्युलेटर, पावतीपुस्तकं, गंजलेला एलएनबी पडलेला असेल, आणि छत्री कुणीतरी भंगारात काढायच्या बेतात असेल. परभणी जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या कुठल्याही गावातले तुम्ही असाल, तर गावात पहिली छत्री कुणी लावली ते विचारा, त्या माणसाला गाठा आणि फोनवर तासभर बोलणं रेकॉर्ड करून घ्या. पहिल्या दिवशी कुठली वाहिनी आली, किती घरांना दिली, पैसे कुठून आणले, चित्र पहिल्यांदा दिसलं तेव्हा गच्चीवर कोण कोण होतं, सगळं विचारा. ते रेकॉर्डिंग गावच्या वाचनालयात द्या. हे काम या एक-दोन वर्षांतच व्हायला हवं.